पूर्वाश्रमीची

माझ्या जयमाला मावशीचं लग्न झालं तेव्हा ती विशीच्या आतली होती, आणि हळद उतरते न उतरते तोच काका मुंबईला निघून गेले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. म्हसळा-श्रीवर्धनकडच्या आमच्या कुणबी गावांत बाप्ये मुंबईला आणि बायका गावाला, अशीच घरं चालायची. पुरुष तिथं गावकीच्या सामाईक खोलीत दाटीवाटीनं वळकट्या टाकायचे, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. बाकीचं वर्ष बाईनं सासूसासरे, भातशेती आणि पोरं सांभाळायची. रामजीकाका परळला एका रंगाच्या कारखान्यात होते. मावशी आंबेकोंडला.

मी नूतन, तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आता मुरुडला शाळेत शिकवते. लहानपणी मे महिना मी आंबेकोंडला काढायची, म्हणून तिचा संसार मी जवळून पाहिला. संसार म्हणजे ती एकटीच होती. सासऱ्यांना धाप लागली की म्हसळ्याच्या दवाखान्यात नेणारी ती, पावसाआधी कौलं परतायला शिडीवर चढणारीही तीच. रितेश, तिचा एकुलता मुलगा, झाडावरून पडून हात मोडून बसला तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन ती टेकडीचा टेप उतरून एसटीपर्यंत पळत आली होती. कुणी "जयमाला, फार ओढतेस गो" म्हटलं की तिचं एकच उत्तर असायचं, "हे रिटायर झालं की मंग हायेतच की घरात."

ते वाक्य ती इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलली की आम्हा पोरांना वाटायचं, रिटायर हा एखादा सण असावा.

तो दिवस आला. मावशीनं मागच्या अंगणात न्हाणीघर पक्कं बांधून घेतलं, कारण मुंबईच्या माणसाला कुडाच्या आडोशाला अंघोळ जमायची नाही. काका ट्रंक घेऊन उतरले. गावानं नारळ देऊन स्वागत केलं.

आणि मग असं झालं की काकांना त्या घरात काय करावं तेच कळेना. मीठ कुठल्या बरणीत, कोयता कुठं खोचलेला, काही ठाऊक नाही. शेळी त्यांना बघून बुजायची. त्यांची स्वतःची आई, इंदूबाई, कानानं बहिरी झालेली, पाणी हवं तरी "जयमाळे" अशीच हाक मारायची. शेतात गेले तर मजूर बायका मावशीकडे बघून विचारायच्या, भाताचा पुढचा तुकडा, पुढचं कोपर, कधी लावायचं. घराला गावात "जयमालाचं घर" म्हणत. काका पडवीत माळ घेऊन बसायचे. मुंबईत असताना शेजारच्या वळकटीवरचा त्यांचा सोबती झोपेतच गेला होता, तेव्हापासून ते कुण्या महाराजांच्या सत्संगाला जाऊ लागले होते. ती ओढ खरी होती, हे मी आजही नाकारत नाही. ढोंग नव्हतं त्यात. ढोंग असतं तर मावशीला सोपं गेलं असतं.

वर्ष सरलं असेल नसेल. एका दुपारी जेवताना काका म्हणाले, "जयमाला, मी आता वानप्रस्थ घेतो. महाराजांची आज्ञा झालीय."

मावशीला तो शब्द कळला नाही. "म्हंजी कुठं जायाचं?"

"डोंगरावर, मठात. आधी वानप्रस्थ, पुढं संन्यास."

"घर सोडून?"

"घर सोडून."

मावशी वाढता वाढता थांबली. मग म्हणाली, "घर सोडायला तुमी घरात व्हतात कवा?"

काका खाली मान घालून जेवत राहिले. हे मला मावशीनंच सांगितलं, आणि सांगताना ती म्हणाली, "भात मागून घेतला तेंनी. दोनदा."

सहा-आठ महिने ते मठात येऊन-जाऊन राहिले. मग संन्यासाचं ठरलं, आणि महाराज स्वतः आंबेकोंडला आले. दारात जीप, ओटीवर सतरंजी, अर्धं गाव अंगणात. रितेश कळंबोलीहून रजा काढून आला होता. मीही गेले होते. महाराज वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी मावशीला समोर बसवलं.

"माई, पत्नीच्या संमतीशिवाय संन्यास देता येत नाही. शास्त्र आहे. तुमची संमती आहे ना?"

"मी न्हाय म्हटलं तर?"

 रितेश पुढं वाकून म्हणाला, "आई, लोक बसलेत."

महाराज रागावले नाहीत. "तर आम्ही परत जाऊ. पण एका जिवाच्या मोक्षाआड येण्याचा दोष फार मोठा असतो, माई."

मावशीनं काकांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. ती म्हणाली, "यांना मुंबैला धाडलं तवा मला कोणी इचारलं न्हवतं. आज इचारताय, ते पण दारात गाडी हुभी करून. जावा म्हनावं. मी कोन आडवनार?"

यालाच संमती धरली गेली. जयजयकार झाला. आत खाटेवर पडलेल्या इंदूबाईंना गलबला जाणवला असावा. त्यांनी हाक मारून विचारलं, "जयमाळे, रामजीची सुट्टी सरली वाटतं?"

मावशी त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "व्हय आत्याबाय. ड्युटीवर जातंत."

विधी हरिहरेश्वरला झाला. ओहोटीची वेळ धरली होती. किनाऱ्यावर पत्रावळीत पिंड मांडले होते, वडिलांचे, आजाचे, पणज्याचे, आणि शेवटी एक वेगळा. घरच्या माणसांना मागं उभं केलं होतं. मावशीनं माझा दंड धरला.

"नूतन, त्यो शेवटला कोनाचा?"

"काकांचा. स्वतःचा."

"जित्या मानसाचा?"

"आता ते या जगाला मेले असं धरायचं, मावशी."

काका पाण्यात उतरले. जुने कपडे समुद्रात सोडले, भगवी छाटी नेसून वर आले. रितेश हुंदके देत होता. मावशीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती इतकंच म्हणाली, "मंग मी कोन झाले गो?"

 परतीच्या एसटीत तिनं विचारलं, नवं नाव ठेवलं त्याचा अर्थ काय. काकांचं नाव स्वामी निर्ममानंद ठेवलं होतं. मी सांगितलं, निर्मम म्हणजे ज्याला माझं असं काही नाही तो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते व्हतंच की आदीपासून."

पण मी कोण झाले, हा प्रश्न तिला गावानं विसरू दिला नाही. संक्रांतीला शेजारच्या भागुबाईकडे हळदीकुंकू होतं. भागुबाई मावशीची जिवाभावाची. ओळीनं बायकांना कुंकू लावत ती मावशीपाशी आली आणि तिचं बोट करंड्यातच अडकलं. लावावं की न लावावं? नवऱ्याचं श्राद्ध झालेलं, पण नवरा जिवंत. ती कसनुसं हसून पुढच्या बाईकडे सरकली. मावशी उठली, तिच्या हातातला करंडा घेतला आणि सगळ्यांसमोर आपल्या कपाळावर आपणच कुंकू ओढलं, भुवईपासून भुवईपर्यंत.

"ज्याला मेला म्हनता त्यो परवा हरेश्वराला लाडू खात व्हता. जा, बगून या."

त्यानंतर तिनं कुणाच्या हळदीकुंकवाला जाणं सोडलं. मंगळसूत्र मात्र काढलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काढायचं तर का काढू, आन् ठेवायचं तर कोनासाटी? दोनी कळत न्हाय, म्हनून हाय तितंच राहूदे."

काही वर्षांनी इंदूबाई आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. अन्न तुटलं. तरी विचारायच्या एकच, "रामजी कदी येनार? सुट्टी मिळाली का न्हाय तेला?" त्या म्हातारीला शेवटपर्यंत वाटत होतं की मुलगा मुंबईला कामावर आहे.

मावशीनं भागुबाईला सासूजवळ बसवलं आणि भर पावसात मठाची वाट धरली. एसटीनं पायथ्यापर्यंत आणि पुढं चढ पायी. मठात तिला बाहेरच्या चौथऱ्यावर बसवलं. खूप वेळानं काका आले. दाढी वाढलेली, अंगानं भरलेले. तिनं एकही शब्द वाया न घालवता सांगितलं, "आत्याबाय जातायत. तुमचं नाव घेतायत. चला."

काका म्हणाले, "चातुर्मास आहे. ठिकाण सोडता येत नाही."

"आईसाटी पन?"

बाजूला उभा असलेला एक तरुण साधू हळूच म्हणाला, "स्वामीजी, मातेसाठी जाण्याला बाध येत नाही. महाराज चातुर्मासाला दुसऱ्या मठात आहेत, पण त्यांना फोन करून..."

काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. मावशीकडे न बघता म्हणाले, "पूर्वाश्रमीच्या मातेला शांती लाभो."

मावशी उठली. "पूर्वाश्रमीची? आई काय आदीची नि आताची अशी दोन असते का ओ?"

त्यावर ते आत निघून गेले. मावशी भिजत परत आली. सासू अजून होती. "मिळाली का सुट्टी?" म्हातारीनं विचारलं. मावशी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मिळाली. गाडीत बसलंत." दुसऱ्या दिवशी इंदूबाई गेल्या. पडवीत आणलेल्या खाटेवर, दाराकडे तोंड करून. अग्नी नातवानं दिला.

मावशी आणखी कडवट झाली ती तेव्हापासून. आधी तिच्या बोलण्यात राग होता, पण त्या रागाला धग होती, माणूस जवळ बसू शके. आता ती कमी बोलायची, आणि जे बोलायची ते लागायचं. रितेशची बायको प्रणाली सुट्टीत चार दिवस राहायला म्हणून यायची आणि दोन दिवसांत परत जायची. तिची चूक म्हणवत नाही.

करोनाची धामधूम ओसरली त्या सुमाराला एका सकाळी मठाची जीप पुन्हा आंबेकोंडला आली. मागच्या सीटवर काका होते. अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. सोबत दोन शिष्य. त्यातला एक म्हणाला, "माई, मठात औषधपाण्याची सोय नाही. स्वामीजींना आपल्या माणसांत बरं वाटेल."

मावशी अंगणात भात वाळत घालत होती. तिनं हातातलं फावडं ठेवलं नाही. "संन्याशाची आपली मानसं कुटली?"

शिष्य गोंधळला. भागुबाईचा नवरा अंबाजी धावत आला होता, तो म्हणाला, "वयनी, मानूस दारात हाय. आता वाद नको."

मावशी जीपपाशी जाऊन काकांकडे बघू लागली. ते रडत होते की आजारानं डोळ्यांतून पाणी येत होतं, कळत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "भिक्षेकरी दारात आला तर आमी परत धाडत न्हाय. पडवीत ठेवा." आणि सासू गेली त्याच खाटेकडे बोट दाखवलं.

नंतरचं वर्ष-दीड वर्ष तिनं त्यांचं सगळं केलं. हगमूत काढलं, अंग पुसलं, कूस बदलायला अंबाजीला हाक मारली, पेज चमच्यानं भरवली. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. श्रीवर्धनचे डॉक्टर म्हणाले, इतकी निगा दवाखान्यात होत नाही. पण उंबऱ्याच्या आत त्यांना एकदाही घेतलं नाही. आणि त्यांना हाक मारायची ती "महाराज" म्हणून. "महाराज, तोंड उघडा." "महाराज, कूस वळा." आवाज शांत, एखाद्या देवळातल्या पाहुण्याशी बोलावं तसा.

रितेश शनिवारी यायचा. एकदा त्याच्यानं राहवलं नाही. मी तिथंच होते.

"आई, थंडी पडलीय. बाबांना आतल्या खोलीत घेऊया."

"संन्याशानं गृहस्थाच्या घरात ऱ्हाऊ नये. तेंच्या शास्त्रात हाय."

"पुरे गं आता! ते आजारी आहेत. किती छळशील?"

"छळते?" मावशीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "बोल, काय कमी केलं तेंचं? चादर ओली हाय? भुकं हायेत? हात लावून बग."

"तसं नाही..."

"मंग कसं? तुला तुजा बाप पायजे, तर तुज्या घरी ने. कळंबोलीला."

रितेश चादरीची टोकं खोचत राहिला. त्याच्या दोन खोल्या, दोघं नोकरीवर. काका खाटेवरून सगळं ऐकत होते. ऐकू त्यांना नीट येत होतं.

हळूहळू त्यांना एक-दोन शब्द येऊ लागले. पाणी. नको. आणि एका दुपारी मावशी पेज भरवत असताना त्यांनी डावा हात कसाबसा उचलून तिच्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, "ज... जया." लग्नानंतर पहिल्या महिन्यात ते तिला जया म्हणत, असं तिनं मला नंतर सांगितलं. त्यानंतर कधीच नाही.

मावशीनं त्यांचा हात उचलून चादरीवर ठेवला. "महाराज, पूर्वाश्रमीचं नाव घेऊ नये," ती म्हणाली, आणि पुढचा चमचा त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. ती चमचा धरून बसली. शेवटी त्यांनी उघडलं.

पुढच्या भाद्रपदात, गौरी उठल्या त्या दिवशी सकाळी, ते गेले. आणि मग ज्या मठात औषधपाण्याची सोय नव्हती त्या मठाच्या गाड्या दुपारपर्यंत गावात हजर झाल्या. फुलं, झांजा, स्पीकर. स्वामी निर्ममानंदांना मठात समाधी द्यायची म्हणाले. मांडी घालून बसवलेला त्यांचा देह पालखीत ठेवला, कपाळाला भस्म लावलं. रितेश खांदा द्यायला पुढं झाला तर एकानं त्याला अदबीनं बाजूला केलं. "पूर्वाश्रमीच्या नात्यांना इथं काम नसतं. तुम्हाला सुतकही नाही. उगाच मुंडण वगैरे करू नका."

"रडायचं तरी की नाही?" रितेशनं विचारलं. त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

मिरवणूक खिंड उतरून गेली. भागुबाई आणि दोघी-तिघी म्हाताऱ्या अंगणात घोटाळत उभ्या राहिल्या. मावशीच्या बांगड्यांचं काय करायचं, हे त्यांना विचारवत नव्हतं. मावशीनंच त्यांना सोडवलं.

"घरी जावा बायांनो. माजा मानूस हरेश्वराला मेला, लई वर्सं झाली. आज गेला त्यो पडवीतला महाराज." असं म्हणून ती खाटेवरची गोधडी काढून धुवायला विहिरीवर गेली. तिसऱ्या प्रहरापर्यंत आपटत होती.

वर्षश्राद्धाच्या जागी मठात पुण्यतिथीचा उत्सव होतो. त्याच्या आमंत्रणाला तेच दोन शिष्य आले. योगायोगानं मीही तिथं आले होते. माईंनी पुढं बसावं, त्यांचा सत्कार करू, म्हणाले. आणि स्वामीजींच्या वापरातली एखादी वस्तू असली तर समाधीपाशी ठेवायला द्यावी, भाविकांना दर्शन होईल.

मावशी "देते" म्हणून उठली. मागच्या दारी गेली आणि लघवीचं प्लास्टिकचं भांडं घेऊन आली, स्वच्छ घासलेलं. ते त्यांच्यासमोर ओटीवर ठेवलं.

"हेच काय ते वापरत व्हते. दुसरं काय न्हाय हितं तेंचं. न्या."

दोघांचे चेहरे पडले. चहा न घेताच गेले. भागुबाई हे ऐकून आठवडाभर गावात सांगत फिरली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं होतं. पण मावशी हसली नाही. ते गेल्यावर ती भांडं तसंच ओटीवर ठेवून खांबाला टेकून बसली. मग म्हणाली,

"नूतन, शेवटच्या दिशी पेज भरवताना 'अहो, घ्या की' असं जिबंवर आलं व्हतं. गिळलं मी."

"का गं?"

"तेंनी आत्याबायला शेवटलं तोंड दावलं न्हाय. मंग मी तेंना शेवटला शबुद का द्यावा?" तिनं भांडं जरा दूर सरकवलं. "आता वाटतं, बोलले असते तर काय बिगडलं असतं? आन् न बोलून तरी काय मिळालं? तेंच्या त्या मठातल्या गुरूला तरी काय मिळालं, आन् तेंना तरी. कोनाला कायच न्हाय मिळालं बग."

मी तिच्या हातावर हात ठेवायला गेले, तर तिनं तो काढून घेतला.

एकादशीला ती पूर्वी गावातल्या बायकांसोबत देवळात भजनाला जायची, गळा गोड होता तिचा. आता जात नाही. घरातले देव रितेशच्या बायकोकडे कळंबोलीला पाठवून दिले, म्हणाली तूच कर पूजा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, देवाचं नाव घेतलं की तोंड कडू होतं. तिनं भात मात्र सोडलेला नाही. यंदाही दोन्ही कोपरं स्वतः उभी राहून लावून घेतली. मी निघाले तेव्हा ती बांधावर उभी होती आणि बायकांवर ओरडत होती, भाताचं आवण फार दाट लावू नका म्हणून.